काम हातावेगळे करताना

(‘घर आणि उद्योग’ या सदरातून)

शिंप्याकडे टाकलेले पोलके आणायला आपण जातो, तेव्हा चांगला शिंपी नुसते शिवलेले पोलके हाती ठेवीत नाही. उरलेल्या कापडाचा तुकडा घडी करून सोबत देतो, शिवणीत माया किती ठेवली आहे ते उलटून दाखवतो आणि म्हणतो, ‘ताई, एकदा घालून पाहा, कुठे आवळत असेल तर आत्ताच सांगा.’ सराफ दागिन्याबरोबर वजनाची व कसाची चिठ्ठी देतो. या गोष्टी कामाच्या बाहेरच्या नव्हेत. वस्तू घडवणे हे अर्धे काम असते. ती ज्याची त्याच्या हाती नीट सोपवणे हे उरलेले अर्धे. हस्तकौशल्याची ही रीत, १८९० साली सयाजीराव महाराजांनी जेथे कलाभवन स्थापले, त्या बडोद्यात राहणाऱ्यांना वेगळी सांगावी लागू नये.

परंतु आज आपल्या घराघरांत एक नवा कारागीर बसलेला आहे. त्याच्यापुढे माग नाही, ऐरण नाही. संगणकाचा एक पडदा आहे. कोणी पुस्तकांची अक्षरजुळणी करतो, कोणी लग्नपत्रिका व बोधचिन्हे आखतो, कोणी घरांचे नकाशे काढतो, कोणी मुंजीचे चित्रण कापून-जोडून देतो. अशी कामे करणाऱ्यांत गृहिणींची व निवृत्तांची संख्या लक्षणीय आहे, ही आनंदाचीच गोष्ट होय. मात्र या कारागिराचा तयार माल डोळ्यांना दिसत नाही, तराजूत तोलता येत नाही. तो असतो फायलींच्या रूपात. आणि फाईल हाती देणे म्हणजे नेमके काय देणे, याचा विचार देणाराही करीत नाही आणि घेणाराही करीत नाही. त्यातून काय अनर्थ होतो, याचे एक उदाहरण अलीकडेच जवळून पाहण्यात आले.

एका घराण्याचा कुलवृत्तांत

माझ्या परिचयातील एका घराण्याने सुमारे वीस वर्षांपूर्वी आपला कुलवृत्तांत छापला. घराण्यातील एका वृद्ध गृहस्थांनी गावोगाव पत्रे पाठवून, प्रसंगी स्वतः हिंडून, बारा पिढ्यांची माहिती जमवली होती. अक्षरजुळणी नात्यातल्याच एका भगिनीने घरी बसून केली. पुस्तक देखणे निघाले. छपाई झाल्यावर तिने सर्व फायली एका सीडीवर घालून सीडी त्या आजोबांच्या स्वाधीन केली, त्यांनी ती कपाटात ठेवली आणि काम हातावेगळे झाले, असे सर्वांनीच मानले.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या आवृत्तीचा विचार निघाला. आजोबा तोवर निवर्तले होते. सीडी सापडली, परंतु ती वाचणारे यंत्र घरातल्या एकाही संगणकात नव्हते. ते बाहेरून मिळवले, तर फायली पेजमेकर या जुन्या प्रणालीतल्या निघाल्या. त्या प्रणालीची शेवटची आवृत्ती २००१ साली आली होती, पुढे तिचा विकास थांबला आणि तिची जागा घेणाऱ्या प्रणालीच्या नव्या आवृत्त्यांनी त्या फायली उघडण्याची सोयच काढून टाकली. खटपट करून एका जुन्या संगणकावर फाईल उघडली, तेव्हा पडद्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन खच दिसू लागला. ज्या फॉन्टात मजकूर जुळवला होता, तो फॉन्ट सोबत नव्हता आणि त्याचे नावही कोणाला आठवेना.

अखेर चारशे पाने छापील प्रतीवरून पुन्हा टंकावी लागली. नव्याने टंकताना नव्या चुका शिरल्या. कोठे सुनेचे माहेरचे आडनाव गळाले, कोठे मृत्यूचे साल चुकले. छापील प्रतीतलेच एखादे नाव संशयास्पद वाटले, तर विचारायचे कोणाला? ज्यांना ठाऊक होते ते नव्हते. त्यांचा मूळ पत्रव्यवहार त्या भगिनीने टिपून वेगळ्या फाईलीत ठेवला होता म्हणे. पण ती फाईल सीडीवर नव्हती, कारण ती मागितलीच नव्हती. आणि सगळ्यांचा रोष झाला तो तिच्यावर. तिचे काम उत्तम होते; उणीव होती ती ते सोपवण्यात. तो दोषही तिच्या एकटीचा नव्हता, कारण मागणाऱ्यानेही ‘सीडी दे’ यापलीकडे काही मागितले नव्हते.

अक्षरांचा खच का झाला, हेही समजून घ्यावे. जुने मराठी फॉन्ट बहुधा रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरीचे आकार बसवीत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमनच असे. देवनागरी होता तो फक्त मुखवटा. मुखवटा हरवला की खाली उरते ती निरर्थक अक्षरे. युनिकोड या सर्वभाषिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र कप्पा दिलेला आहे. युनिकोडमधील ‘क’ हा कोणत्याही फॉन्टात ‘क’च राहतो, फॉन्ट बदलला तर त्याचे वळण बदलते, ओळख बदलत नाही. म्हणून मराठी मजकूर सोपवायचा तर तो युनिकोडमध्ये, ही आजची पहिली अट मानावी.

सोपवण्याची कसोटी

तर मग काम नीट सोपवले असे केव्हा म्हणावे? माझ्या मते कसोटी एकच आहे : घेणाऱ्याला ते, आपल्याला काही न विचारता, आज वापरता आले पाहिजे आणि दहा वर्षांनी उघडता आले पाहिजे. आपण परगावी गेलो, आजारी पडलो, वा या जगातच नसलो, तरी त्याचे अडू नये. ही कसोटी लावली की काय द्यावे हे आपोआप सुचत जाते.

त्याचा आरंभ मात्र काम संपल्यावर नव्हे, स्वीकारतानाच करावा. शेवटी कोणत्या फायली देणार, कोणत्या स्वरूपात, किती वेळा दुरुस्त्या करून देणार, मूळ फायली मोबदल्यात धरल्या आहेत की त्यांचे वेगळे पैसे, हे चार ओळींत लिहून द्यावे आणि ‘मान्य’ असे लेखी उत्तर घ्यावे. नात्यागोत्यातले काम असेल तर हे अधिकच अगत्याने करावे. व्यवहार स्पष्ट असला म्हणजे नाते तुटत नाही. मोघम असला म्हणजे तुटते.

काय काय द्यावे

पुस्तक, स्मरणिका वा पत्रिका यांचे काम धरून चालू. देण्याच्या फायलींचे तीन गट करावेत.

पहिला गट वापराचा, म्हणजे छापखान्यात जायची पीडीएफ. हे स्वरूप ॲडोबीने १९९३ साली आणले आणि २००८ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. तीत फॉन्ट अंतर्भूत केलेले असले, तर मांडणी कोठेही हलत नाही. छपाईसाठी पानाच्या चारी कडांना ३ मिलीमीटर ब्लीड सोडण्याचा प्रघात आहे. १४८ × २१० मिलीमीटरचे ए-५ पान असेल, तर फाईल १५४ × २१६ मिलीमीटरची हवी. नाहीतर कटिंग होताना कडेला पांढरी रेघ उमटते. चित्रे छापायच्या आकारात इंचाला ३०० बिंदू असावीत. चार इंच रुंद छापायचे छायाचित्र किमान १२०० बिंदू रुंद लागते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने आलेले छायाचित्र आक्रसलेले असते, हे येथे लक्षात ठेवावे. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवले तर मूळ रूपात येते. रंग पडद्याचे, म्हणजे लाल-हिरवा-निळा असे न ठेवता सायन, मॅजेंटा, पिवळा व काळा या छपाईच्या चार रंगांत असावेत. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवावा. चार रंगांच्या मिश्रणातून केलेला काळा रंग किंचित जरी सरकला तरी अक्षरे दुहेरी दिसतात.

दुसरा गट मूळ फायलींचा, म्हणजे ज्यांत पुढे दुरुस्ती करता येईल अशांचा. मांडणीची फाईल, तीत जोडलेली सर्व चित्रे आणि वापरलेले फॉन्ट एकत्र हवेत. चित्रे फाईलीत दिसतात म्हणून ती फाईलीत असतातच असे नव्हे. पुष्कळदा तेथे नुसता पत्ता असतो आणि चित्र आपल्या संगणकावरच राहून जाते. फॉन्टच्या बाबतीत परवाना पाहावा. विकत घेतलेला फॉन्ट दुसऱ्याला देण्याची मुभा नसेल, तर त्याचे नाव व आवृत्ती लिहून द्यावी, म्हणजे घेणारा तो स्वतः विकत घेईल. ‘मुक्ता’, ‘बालू’ यांसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट वापरले असतील तर ते निर्धास्तपणे सोबत द्यावेत. छापखान्याची मंडळी ‘फाईल कर्व्ह करून द्या’ म्हणतात, म्हणजे अक्षरांचे रेषाचित्र करून द्या. त्यामुळे फॉन्टची अडचण टळते हे खरे. पण एकदा कर्व्ह केलेल्या मजकुरात वेलांटीही सुधारता येत नाही. तेव्हा कर्व्ह केलेली फाईल द्यावी ती न केलेल्या फाईलीच्या जोडीने, तिच्याऐवजी नव्हे.

तिसरा गट जतनाचा, आणि हाच बहुतेक जण विसरतात. दीर्घकाळ जपण्यासाठी पीडीएफ-ए नावाचा पोटप्रकार २००५ साली मानक म्हणून ठरला. त्यात सर्व फॉन्ट फाईलीतच असावे लागतात, बाहेरच्या कशावर विसंबता येत नाही आणि फाईलीला कुलूपही घालता येत नाही. ही एक प्रत आणि तिच्या सोबत सबंध मजकुराची, सजावट नसलेली, साधी युनिकोड फाईल. या साध्या फाईलीला रूप नाही, पण आयुष्य सर्वांत मोठे आहे. वीस वर्षांनी कोणती प्रणाली असेल ते आज सांगता येत नाही, तरी साधा मजकूर ती वाचील असा भरवसा धरता येतो. त्या घराण्याजवळ अशी एक फाईल असती, तर चारशे पाने पुन्हा टंकण्याची पाळी आली नसती.

नाव आणि चिठ्ठी

जुन्या दफ्तरखान्यांत कागद रुमालांत बांधून ठेवीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद अशा हजारो रुमालांत आहेत. रुमालावर खूण नसेल, तर आतला कागद असून नसल्यासारखाच. फायलींचेही तसेच आहे. ‘अंतिम’, ‘अंतिम-नवी’, ‘अंतिम-दुरुस्त-शेवटची’ अशा नावांच्या फायली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दुःख ठाऊक आहे. छापखान्याने त्यांतली कोणती उचलायची? नावात आधी तारीख, मग कामाचे नाव, मग भाग आणि शेवटी दुरुस्तीचा क्रमांक असावा. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी, कारण या क्रमाने लिहिल्यास फायली आपोआप कालानुक्रमे लागतात. १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकानेही हाच क्रम ठरवला आहे. फाईलीचे नाव मात्र रोमन अक्षरांत व मोकळ्या जागा न सोडता लिहिणे सोयीचे. आपल्या भाषेचा अभिमान आपल्याला आहेच, पण देवनागरी नावाच्या फायली झिप करून पाठवल्या, तर काही जुन्या प्रणाली ती नावे विस्कटून टाकतात. अभिमान आतल्या मजकुरात दिसावा.

फायलींबरोबर एक चिठ्ठी हवीच हवी. ती पानभराहून मोठी नसावी. नमुना असा :

‘सप्रेम नमस्कार. सोबत आपल्या स्मरणिकेच्या अंतिम फायली पाठवीत आहे. एकूण तीन फोल्डर, बारा फायली. यादी खाली दिली आहे. छापखान्याला फक्त पहिल्या फोल्डरमधील दोन फायली द्याव्यात, एक आतील पानांची व एक मुखपृष्ठाची. पानांचा आकार ए-५, पृष्ठे ९६, ब्लीड ३ मिलीमीटर, आतील पाने एकरंगी, मुखपृष्ठ चौरंगी. पान ४१ वरील छायाचित्र मूळचेच अस्पष्ट आहे, याची कल्पना आपणांस दिली होतीच. दुसरा फोल्डर पुढील दुरुस्त्यांसाठी, तिसरा जपून ठेवण्यासाठी. कृपया सर्व फायली उघडून पाहाव्यात व पंधरा दिवसांत पोच द्यावी. कळावे.’

या चिठ्ठीत उणीव लपवलेली नाही, हे पाहावे. अस्पष्ट छायाचित्राचा उल्लेख देणाऱ्याने स्वतः केला म्हणजे तो प्रामाणिकपणा ठरतो; घेणाऱ्याला छापून आल्यावर दिसला म्हणजे तीच लबाडी ठरते.

परिमाण लिहिण्याचे महत्त्व कमी लेखू नये. अमेरिकेच्या नासा संस्थेने मंगळाकडे धाडलेले एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. यान बनवणाऱ्या कंपनीच्या प्रणालीतून येणाऱ्या फायलींत धक्क्याचे आकडे पौंडांच्या परिमाणात होते आणि घेणारे ते न्यूटनच्या परिमाणात आहेत असे धरून चालले. फरक सुमारे साडेचार पटींचा. देणारेही तज्ज्ञ, घेणारेही तज्ज्ञ. परंतु हाती दिलेल्या फाईलीतले परिमाण ठरल्यापेक्षा वेगळे आहे हे कोणी वेळेवर पडताळले नाही. एवढ्या मोठ्या संस्थेचे जेथे असे होते, तेथे आपण पत्रिकेचा आकार इंचांत आहे की सेंटिमीटरांत हे लिहून दिले, तर त्यात कमीपणा कसला?

देण्याआधीची तपासणी

फाईल ज्या संगणकावर केली, त्यावर ती नेहमीच चांगली दिसते, कारण फॉन्ट व चित्रे सर्व तेथेच असतात. म्हणून ती दुसऱ्या संगणकावर, निदान दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावी. मराठीत विशेष पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. मांडणीच्या प्रणालीत भारतीय लिप्यांची सोय निवडली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते व जोडाक्षरे सुटी पडतात. ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांतला अर्धा र, ‘श्र’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि अनुस्वारासह येणारा रफार हे शब्द शोधून डोळ्यांखालून घालावेत. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे, हेही पाहावे. मग पीडीएफमधील एक वाक्य उचलून साध्या पानावर चिकटवावे. ते जसेच्या तसे देवनागरीत उतरले तर मजकूर शोधण्याजोगा आहे. आणि एवढे करूनही एक प्रत कागदावर काढून घरातल्या कोणाला तरी वाचायला द्यावी. आपल्या डोळ्यांना आपली चूक दिसत नाही. सासूबाईंना ती पहिल्याच पानावर सापडते.

पाठवणे आणि पोच

ईमेलने मोठी फाईल जात नाही. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठ्या फायलींसाठी क्लाउडवर ठेवून दुवा पाठवावा लागतो. फुकट सेवांचे दुवे बहुधा काही दिवसांनी मावळतात, म्हणून दुवा कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे चिठ्ठीत स्पष्ट लिहावे. दुवा कोणालाही उघडता येईल असा न ठेवता ठरावीक व्यक्तीपुरता ठेवावा. फाईलीला परवलीचा शब्द घातला असेल, तर तो त्याच ईमेलात लिहू नये, दूरध्वनीवरून सांगावा. किल्ली कुलपालाच बांधून ठेवण्यात अर्थ नाही. मोठ्या कामात फायलींचा ‘चेकसम’ही द्यावा. हा फाईलीवरून गणिताने निघणारा ६४ चिन्हांचा ठसा असतो. वाटेत फाईल एका बिंदूने जरी बदलली तरी ठसा बदलतो. ही सराफाच्या वजनाच्या चिठ्ठीचीच आधुनिक आवृत्ती म्हणा ना.

पेनड्राइव्ह हा पोचवण्याचा मार्ग आहे, जपण्याचा नव्हे. वर्षानुवर्षे न वापरता ठेवला तर त्यातली माहिती उडू शकते. जपण्यासाठी तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक वेगळ्या ठिकाणी, हा नियम जाणकार पाळतात. आपल्या संगणकावरची प्रत किती दिवस ठेवणार, हेही ग्राहकाला सांगावे. ‘माझ्याकडे प्रत दोन वर्षे राहील, पुढची जबाबदारी आपली’ असे एक वाक्य पुढचे अनेक गैरसमज टाळते. कामात लोकांचे पत्ते, दूरध्वनी, जन्मतारखा असतील, तर त्या फायली मुदतीनंतर पुसून टाकाव्यात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०२३ साली केला. पण कायदा नसता तरी दुसऱ्याच्या घरची माहिती ही ठेव आहे, हे आपल्याला आजीने शिकवलेलेच होते.

मोबदला आणि हक्क

‘आधी फायली की आधी पैसे?’ हा प्रश्न सर्वांनाच पडतो. सामान्य तोड अशी : ठरवतानाच काही रक्कम आगाऊ घ्यावी, पाहण्यासाठी खुणेचा शिक्का मारलेली कमी प्रतीची पीडीएफ द्यावी, आणि शेवटचा हप्ता मिळताच अंतिम फायली द्याव्यात. पण तसा ठराव आधी केलेला असावा. ऐन कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फायली अडवून धरणे सभ्यतेचे नाही.

पैसे थकल्यास कायद्याचा आधारही आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाला मोबदला ठरलेल्या दिवशी मिळाला पाहिजे, आणि ही मुदत स्वीकृतीपासून ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. काही ठरलेच नसेल तर ती १५ दिवसांची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. येथे पोच महत्त्वाची ठरते ती अशी : माल वा सेवा हवाली केल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर हवाली केल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस समजला जातो. म्हणून फायली कोणत्या दिवशी दिल्या याची लेखी नोंद हवी. वरच्या नमुन्यात ‘पंधरा दिवसांत’ असे लिहिले आहे, ते याचसाठी.

हक्कांचे तर बहुतेकांना भानच नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ता असतो. नोकरीच्या ओघात केलेले काम मालकाचे होते. मोबदला देऊन काढवून घेतलेले छायाचित्र, व्यक्तिचित्र वा चित्रपट, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा होतो. परंतु घरी बसून स्वतंत्रपणे रेखलेल्या बोधचिन्हाचे हक्क केवळ फाईल दिल्याने ग्राहकाकडे जातात असे समजू नये. हक्क सोपवायचे तर ते लेखी व सहीनिशी सोपवावे लागतात. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आपल्या मंडळाचे बोधचिन्ह कोणा होतकरू मुलाने काढून दिले असेल, तर मंडळाच्या चिटणिसांनी हा कागद तपासून पाहावा. भांडण उपस्थित होण्याआधी केलेला कागद दोघांनाही जड जात नाही.

दुसरी आवृत्ती

त्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती अखेर निघाली. विशेष म्हणजे तिची अक्षरजुळणी त्याच भगिनीने केली. काम देताना घरातल्या काही जणांनी नाक मुरडले. पण तिने स्वतःच सांगितले, ‘या खेपेला नुसते पुस्तक नाही, पुस्तकाची किल्लीही देईन.’ तिने तीन फोल्डर केले, एक पानाची चिठ्ठी लिहिली आणि तिन्हींचे तीन संच बनवून एक बडोद्याला, एक इंदूरला व एक पुण्याला, अशा तीन घरांत ठेवायला दिले. साध्या मजकुराच्या फाईलीशेजारी तिने आणखी एक फाईल ठेवली आहे. ज्या नोंदी पडताळता आल्या नाहीत, त्यांची ती यादी आहे, पान व ओळ लिहून. त्या यादीत सत्तावीस नावे आहेत. बहुतेक बायकांची आहेत. माहेरचे नाव गळालेल्या सुनांची, लग्नानंतर जिचा मागच राहिला नाही अशा मुलींची.

ती यादी पाहून घरातल्या एका वृद्ध आत्यांनी चष्मा लावला आणि त्यांतली चार नावे तेथल्या तेथे सांगितली. उरली तेवीस. ती सांगणारे कोणी अजून हयात असेल, तर यादी त्यांची वाट पाहत तीन गावी ठेवलेली आहे.